ओट्यावरचं गाठोडं

आंबागड म्हटलं की लोक किल्ल्याचं विचारतात. सांगण्यासारखं आहेच. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात, १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणानं तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. पण त्या किल्ल्याच्या पायथ्याशी लहानपण गेलेल्या मला वेगळाच प्रश्न पडायचा. पुसाच्या थंडीत डोंगरावरून वारा सुटला की तटावरचा पहारेकरी अंगावर काय घेत असेल? ते कोणी शिवलं असेल? असलं काही इतिहासात येत नाही. १९६२ च्या हिवाळ्यात आमच्या अंगणात जे शिवलं, तेही कुठं आलेलं नाही. म्हणून लिहिते.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला तेव्हा आमच्याकडे धान कापणीला आलं होतं. नागपूरचा पेपर एक दिवस शिळा होऊन गावात यायचा आणि मास्तर तो पारावर मोठ्यानं वाचून दाखवायचे. नामका चू नावाच्या नदीकाठी आपले जवान उन्हाळी सुती कपड्यांत लढतायत, हे कळलं तेव्हा सगळ्या बाया गप्प झाल्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. राष्ट्रीय संरक्षण निधी निघाला. शहरातल्या बाया बांगड्या काढून देत होत्या, जवानांसाठी स्वेटर विणत होत्या.

आमच्या गावानं पायली-पायलीनं धान दिलं. पण स्वेटर? लोकरीचा गुंडा आमच्याकडे कोणी हातात धरला नव्हता. तेव्हा माझी आजी म्हणाली, "आपल्याले कथडी येते, तं कथडीच देऊ." कथडी म्हणजे गोधडी.

झालं, दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात बाया जमल्या. आजीला जाड भिंगाचा चष्मा होता, म्हणून सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडे. त्यामुळे मी सगळं ऐकलं आणि सगळं पाहिलं.

आधी मापावरून चर्चा झाली. जवान किती उंच असतो? कोणाला ठाऊक! आजीनं आपल्या हातानं पाच हात लांब आणि तीन हात रुंद धरलं. मग नक्षी. नेहमीच्या कथडीत रंगीत ठिगळं लावायची. आमच्या झाडीपट्टीत ळ चा र होतो, त्यांना ठिगर म्हणत. धाकटी काकू म्हणाली, तिरंगा लावू. मास्तर म्हणाले, झेंडा अंथरायचा-पांघरायचा नसतो. कोणी स्वस्तिक सुचवलं. तर दुसरी म्हणाली, "आन जवान सरदारजी निघाला तं? मुसलमान निघाला तं?" शेवटी ठरलं की नक्षी नकोच. कडेपासून सुरू करून आत-आत येणाऱ्या चौकोनांचा नुसता धावदोरा घालायचा. ती कोणाच्याही अंगावर चालेल.

मग कापडाचा प्रश्न आला आणि तिथं सगळं अडलं.

कथडी मुळात जुन्याचीच असते. वापरून मऊ झालेलं लुगडं वर आणि खाली, पोटात धोतरांचे, सदऱ्यांचे थर. नवं कापड खळीनं ताठ असतं, अंगाला धरत नाही. पण काकू म्हणाली, देशासाठी लढणाऱ्याला आपलं फाटकं कसं द्यायचं? बायांना पटलं. आजीलाही पटलं. तुमसरच्या बाजारातून मांजरपाट आणायचं ठरलं. मला फार अभिमान वाटला. जवानाला नवं कोरं पांघरूण देणारं आमचं गाव!

त्याच दुपारी फौजीची माय आली. तिला सगळं गाव याच नावानं ओळखे. तिचा थोरला महार रेजिमेंटमध्ये होता. ही रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, पुढे मशीनगनसाठी नावाजली. नेफाच्या आघाडीवरही तिचे जवान होते. ती बौद्ध वस्तीतून आली आणि अंगणाच्या कडेला उभी राहिली. हातात धुतलेली दोन लुगडी आणि लेकाचा एक जुना खाकी सदरा.

"माय, माझा पोरगा तिकडंच हाये म्हन्ते. हे कथडीत घाला."

आजी म्हणाली, "ठेव तिथं, ओट्यावर."

गाठोडं ओट्यावर राहिलं. संध्याकाळपर्यंत तिथंच होतं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ती विचारायला आली. तेव्हा मांजरपाट अंथरून झालं होतं आणि आजी त्यावर आजोबांचं जुनं धोतर पसरत होती.

"आमी नवाच कापड लावतो वो," आजी वर न बघता म्हणाली. "जुना नाही लागत."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "वरून नवा. पर पोटात तं जुनाच लागते ना, माय?"

कोणी उत्तर दिलं नाही. मी दोरा ओवत होते. मीही काही बोलले नाही. तिनं गाठोडं उचललं आणि ती गेली.

त्या कथडीच्या पोटात कोणाचं जुनं गेलं ते मला माहीत आहे. आमच्या घरचं, काकूच्या माहेरचं, शेजारच्या तीन घरांचं. जवान कोणत्या धर्माचा निघेल याचा आम्ही विचार केला होता. तो फौजीच्या मायचा लेक असू शकतो, याचा नाही. त्याच भंडारा मतदारसंघात १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर हरले होते. १९५६ ला नागपुरात धर्मांतर झालं, आणि आमच्या गावच्या वस्तीनं बुद्ध स्वीकारला. हे सगळं मी पुढे भंडाऱ्याला शिकताना वाचलं. मांजरपाटाचा अर्थ तेव्हा कळला. नवं कापड जवानाच्या मानासाठी होतं, हे खोटं नव्हतं. पण वस्तीतलं कापड नाकारायला तेच कारण पुरलं, हेही तितकंच खरं.

चार दिवसांनी फौजीच्या मायनं स्वतः शिवलेली कथडी आणून मास्तरांना दिली. मधोमध खाकी सदऱ्याचा चौकोन होता. मास्तरांनी आमच्या पाच आणि तिची एक, अशा सहाही एकत्र गुंडाळल्या, एकाच दोरीनं करकचून बांधल्या आणि बंडीत टाकल्या. आजीनं पाहिलं. बोलली नाही.

तुमसरला मास्तरांना सांगण्यात आलं की आघाडीवर सूत चालत नाही. बर्फात ते ओल धरतं, वाळत नाही, जड होतं. तिथं लोकरच हवी. कथड्या दवाखान्यासाठी ठेवून घेतो. पुढे त्यांचं काय झालं, कोणाच्या अंगावर कोणती गेली, कळलं नाही. फौजीच्या मायचा लेक मात्र सुखरूप परत आला.

माझी भाची अमेरिकेत असते. तिथं ती बायांच्या एका मंडळात सैनिकांसाठी गोधड्या शिवते. २००३ मध्ये इराकला गेलेल्या एका सैनिकाची आई, कॅथरीन रॉबर्ट्स, हिनं हे काम सुरू केलं. आजवर तीन लाखांवर गोधड्या दिल्या गेल्यात. ही रीत त्यांच्याकडे जुनी. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातही बाया दवाखान्यातल्या अरुंद खाटांच्या मापानं गोधड्या शिवून पाठवत. भाचीनं मला फोनवर नियम सांगितले. कापड चांगलं सुती हवं, रंग जाणारं नको, लांबी-रुंदी निदान ६५ आणि ५५ इंच हवी. आणि मागच्या बाजूला शिवणाऱ्यांच्या नावाची पट्टी लावायची. तिनं विचारलं, "मावशी, आपल्याकडे असं काही होतं का गं?"

होतं, म्हटलं. पण नावाची पट्टी नव्हती. असती तर आमच्या मास्तरांना दोन दोऱ्या लागल्या असत्या.

आता डोळे मलाही साथ देत नाहीत, पण कथडी शिवते. घरी येणाऱ्या सगळ्या बायांकडून जुनं कापड मागून घेते. कोणी गाठोडं आणलं की ओट्यावर राहू देत नाही, लगेच आत घेते. त्यानं १९६२ चं गाठोडं आत येत नाही, हे मला कळतं.