बॅटरीत नक्की उरलंय किती?

ग्लासगोला ऑनसाइट होतो तेव्हाची गोष्ट. ऑफिसातल्या एका स्कॉटिश मित्राने त्याची जुनी मोटरहोम वीकएंडला दिली. मी, बायको आणि भारतातून आलेले आई-बाबा, असे चौघे निघालो. झोपताना पॅनेलवर १२.७ व्होल्ट, म्हणजे बॅटरी फुल्ल. पहाटे तीनला हीटरचा पंखा बंद, दिवे बंद आणि आई दोन रजयांखाली कुडकुडतेय. "पण आकडा बरोबर होता!" हे माझं वाक्य ऐकून बाबा नुसते बघत राहिले.

मंडळी, आकडा खरंच बरोबर होता. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. व्होल्टेज सांगतं हंडा किती भरलाय. हंडा केवढा उरलाय, ते सांगत नाही.

परत आल्यावर वाचायला बसलो, तर हा प्रश्न बॅटरीइतकाच जुना निघाला. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लाँतेने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवले आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी केली. ती नीट 'तयार' व्हायला मात्र महिनोन्‌महिने चार्ज-डिस्चार्ज करावं लागे. मग कामीय फोरने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला आणि हे काम झटपट होऊ लागलं.

१८८१ मध्ये फोरच्या भरलेल्या सेलची एक पेटी पॅरिसहून निघाली आणि सुमारे तीन दिवसांनी पोचली... चक्क ग्लासगोला! तिथे प्रोफेसर विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, वाट बघत होते. पेटीत दहा लाख फूट-पाउंड ऊर्जा असल्याचा गाजावाजा लंडनच्या पेपरात झाला. आजच्या भाषेत सुमारे ३७७ वॅट-अवर. आपल्या १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत अशा तीन पेट्या मावतील. पण मुद्दा असा, की थॉमसननी पेटीवरच्या दाव्यावर विसंबून न राहता त्या सेल प्रयोगशाळेत तपासल्या.

त्यात आणखी एक मेख आहे. १८९७ मध्ये जर्मनीच्या पॉइकर्टने मांडलं, की करंट जितका जास्त खेचाल तितकी क्षमता कमी भरते. म्हणून बॅटरीवर छापलेला १०० हा आकडा बहुधा २० तासांच्या हिशोबाचा असतो, म्हणजे ५ अँपिअरने खेचलं तरच. २० अँपिअरने खेचलं तर साधारण पाऊणच हाती लागतं.

मग एका रविवारी मित्राच्या अंगणात आम्ही तेच केलं. बॅटरी पूर्ण चार्ज केली, काही तास तशीच ठेवली, मग ५ अँपिअर खाणारा हेडलाइटचा बल्ब लावला आणि घड्याळ घेऊन बसलो. व्होल्टेज १०.५ वर आलं की थांबायचं आणि लगेच पुन्हा चार्जिंगला लावायचं, नाहीतर प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं. २० तास टिकायला हवी होती. सहा तासांत खेळ खल्लास!

६ गुणिले ५, म्हणजे ३० अँपिअर-अवर. वॅट-अवरमध्ये ३६०. छाप १००चा, आणि आत जेमतेम थॉमसनच्या पेटीएवढा माल!

मित्राने नवी बॅटरी घेतली. आई मात्र अजूनही मोटरहोमचं नाव काढलं की शाल शोधते. असो.