उच्च माध्यमिक भौतिकशास्त्र : वैराग परिसर

अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत शिकवला जाणारा भौतिकशास्त्राचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. दहावीपर्यंत ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या विषयात रसायनशास्त्राच्या जोडीने येणारे भौतिकशास्त्र येथे प्रथमच स्वतंत्र विषय होते. वैराग हे बार्शी तालुक्यातील (जि. सोलापूर) बाजारपेठेचे गाव. येथील बारावीचे विद्यार्थी महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या पुणे विभागातून परीक्षा देतात. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले व ग्रामीण भागही त्या प्रक्रियेत आला.

अभ्यासक्रम : कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्राने १९७० च्या दशकात स्वीकारला. सध्याची बालभारतीची पाठ्यपुस्तके अकरावीसाठी २०१९ मध्ये व बारावीसाठी २०२० मध्ये आली. अकरावीत मापन, गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, ध्वनी, प्रकाश, विद्युत व अर्धसंवाहक हे विषय आहेत. बारावीच्या १६ प्रकरणांत परिवलन गती, द्रायूंचे गुणधर्म, उष्मागतिकी, दोलने, तरंग प्रकाशिकी, विद्युत चुंबकीय प्रवर्तन, प्रत्यावर्ती प्रवाह, अणू व अणुकेंद्राची रचना इत्यादी भाग येतात. सदिश व कलनशास्त्र यांची गरज इतक्या लवकर पडते की अकरावीच्या पुस्तकाचे दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींना दिले आहे. गणिताच्या तासाला विकलन शिकवले जाण्याआधीच भौतिकशास्त्राच्या तासाला ते वापरावे लागते. अनेकांचा विषय कच्चा राहतो तो इथेच.

माध्यम : विज्ञान शाखेचे शिक्षण इंग्रजीतून होते. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला संवेग, त्वरण, अपवर्तन या कल्पना ठाऊक असतात, पण त्यांची इंग्रजी नावे नवी असतात. सेमी-इंग्रजी वर्गातून आलेल्यांना ही अडचण कमी भासते. वर्गात शिक्षक मराठीत समजावतात, व्याख्या इंग्रजीत लिहून देतात. वैद्यकीय प्रवेशाची नीट ही परीक्षा २०१७ पासून व अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येते.

परीक्षा : बारावीची लेखी परीक्षा ७० गुणांची व प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. तीन तासांच्या लेखी परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. त्यामुळे आकडेमोडीचा हात वर्षभर चालू ठेवावा लागतो. राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्राचे ५० गुणांचे ५० प्रश्न असतात. त्यांत अकरावीच्या भागाला सुमारे २० टक्के, तर बारावीच्या भागाला सुमारे ८० टक्के भार असतो. नीटमध्ये या विषयाला १८० गुण आहेत.

प्रात्यक्षिके : मीटर ब्रिज, सोनोमीटर, पृष्ठताण, न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम व अनुनाद नलिका हे नेहमीचे प्रयोग. अनुनाद नलिकेच्या प्रयोगात उंच भांड्यातील पाण्यात नळी बुडवतात, नादकाटा रबराच्या ठोकळ्यावर आपटून नळीच्या तोंडाशी धरतात आणि आवाज एकदम मोठा होईपर्यंत नळी हळूहळू वर घेतात. तेव्हा हवेच्या स्तंभाची लांबी व नळीच्या आतील व्यासाच्या ०.३ पट यांची बेरीज तरंगलांबीच्या एक चतुर्थांशाइतकी असते. नादकाटा ५१२ हर्ट्झचा, व्यास ३ सेंमी. व स्तंभ १६.२ सेंमी. असेल, तर बेरीज १७.१ सेंमी. येते व ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर निघतो. शून्य अंशाला हा वेग ३३१ मीटर असतो व दर अंश सेल्सिअसला तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे ३५० हे उत्तर ३२ अंश तापमानाशी जुळते. सोलापूर जिल्ह्यात फेब्रुवारीच्या दुपारी इतका पारा असतोच. पुस्तकातील सूत्र आपल्या गावच्या हवेलाही लागू आहे, हे या प्रयोगातून विद्यार्थ्याला स्वतः ताडून पाहता येते.

पुढील वाटा : अभियांत्रिकीच्या पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित असावे लागते, तर वैद्यकीयसाठी भौतिकशास्त्राबरोबर रसायनशास्त्र व जीवशास्त्र. बी.एस्सी.साठी बार्शी व सोलापूर येथील महाविद्यालये जवळची आहेत. ती २००४ मध्ये स्थापन झालेल्या व आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव असलेल्या सोलापूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. नीट-जेईईच्या तयारीसाठी मुले लातूर किंवा पुणे गाठतात. विषयाची खरी ओढ असलेल्यांना भौतिकशास्त्र ऑलिंपियाडची वाट खुली आहे. भारत आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये १९९८ पासून भाग घेतो व २०१५ ची स्पर्धा मुंबईत झाली.

मूल्यमापन : प्रवेश परीक्षांत प्रात्यक्षिकाला एकही गुण नाही. त्यामुळे प्रयोगाचे तास मागे पडतात व जर्नल दुसऱ्याचे पाहून उतरवले जाते. शहरातील शिकवणीची बरोबरी लहान गावाला करता येणे अवघड आहे, पण नादकाटा, पाणी व मोजपट्टी कुठेही मिळते. वैरागसारख्या ठिकाणी हा विषय पक्का करण्याचा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय म्हणजे प्रयोगशाळा वर्षभर उघडी ठेवणे आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने मोजमाप करू देणे.