एक पाव, चार पाव

वाचकहो, वसईच्या बाजारात गिऱ्हाईक एक पाव मागते, तसेच चार पावही मागते. वचन बदलले, शब्द तोच! हा शब्द मूळचा पोर्तुगिजांचा. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांना दिली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली. वसई, गोवा अशा ठिकाणच्या सहवासातून पाव, चावी, बटाटा हे शब्द मराठीत रुळले.

पोर्तुगीज भाषेत 'पांव'चे अनेकवचन 'पांइश' असे आडवळणाने होते. मराठीने ते वळण उंबऱ्याबाहेरच ठेवले. काठीच्या काठ्या, तशा चावीच्या चाव्या. आंब्याचे आंबे, तसे बटाट्याचे बटाटे. पावाला मात्र देवाच्या पंगतीत बसवले: एक देव, तेहतीस कोटी देव! पाहुण्या शब्दाने घरचा नियम पाळावा, ही भाषेची रीत.

मग घरातल्या जुन्या माणसांचे काय? त्यासाठी इंग्रजीकडे पाहू. तिथे 'बुक'चे 'बुक्स' होते, पण 'फुट'चे 'फीट', 'टूथ'चे 'टीथ' आणि 'मॅन'चे 'मेन'. मुले म्हणतात, हा कसला लहरीपणा? पण ही लहर नव्हे, हा इतिहास आहे. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी अशा शब्दांच्या अनेकवचनाला शेवटी 'इ'सारखा स्वर लागे. तो उच्चारण्याच्या तयारीत जीभ आधीचा स्वरही पुढे ओढू लागली. पुढे शेवटचा 'इ' झिजून गेला. बदललेला स्वर तेवढा उरला. पाऊस गेला, ओल राहिली!

'ऑक्स'चे 'ऑक्सन' हाही एका जुन्या नियमाचा अवशेष. 'चिल्ड्रन'मध्ये तर अनेकवचनाच्या दोन खुणा एकावर एक चढल्या आहेत. एके काळी 'बुक'चे अनेकवचनही 'फीट'सारखेच स्वर बदलून होत असे. ते पुढे नव्या नियमात आले. पाय, दात, माणूस, मूल हे शब्द मात्र रोज तोंडी असतात, म्हणून त्यांची जुनी रूपे टिकली. हाच 'फुट' मराठीत मापाचा 'फूट' होऊन आला, तेव्हा आपण 'सहा फूट' म्हणू लागलो. इथे तो पाहुणा होता ना!

वसईजवळच्या तर्खड गावावरून ज्यांचे आडनाव पडले, त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले. त्याआधी शेकडो वर्षे लोक मराठी बोलतच होते. बोलणे आधी, नियम मागाहून.

म्हणून शिक्षकबंधूंनो, विद्यार्थ्याने 'फुट्स' लिहिले तर छडी उगारू नका. त्या मुलाला नियम समजला आहे. त्या शब्दाचा इतिहास तेवढा कुणी सांगितलेला नाही. तो सांगा, आणि मग 'फीट' लिहून घ्या. घोकलेले विसरते, उमगलेले राहते.