विकीवरचा कोड रंगीत कसा झाला?

आजची गोष्ट कोडच्या रंगांची.

विकी मुळात जन्मला प्रोग्रामर लोकांसाठी. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅमने पहिला विकी सुरू केला. नाव उचललं होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून! पण गंमत बघा, विकीच्या पानावर कोड मात्र बरीच वर्षं साधा काळाच दिसायचा.

कॉलेजात असताना अशाच एका पानावरून मी कोड उतरवला. कुणीतरी पान बदलताना एक अवतरणचिन्ह उडवलं होतं. रात्रभर चूक शोधत बसले. रंग असते तर त्या ओळीचा रंगच बिघडला असता, लगेच कळलं असतं. जिथे कुणीही पान बदलू शकतं, तिथे रंग म्हणजे नुसती सजावट नाही.

विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीत हे काम आधी 'गेशी' करायचं. कीवर्ड, स्ट्रिंग, कॉमेंट ओळखायचं आणि रंगवायचं. पुढे गेशीची देखभाल थंडावली. २०१५ साली त्याच्या जागी पायथनमधलं 'पिगमेंट्स' आलं. पण गेशीला येणाऱ्या काही भाषा पिगमेंट्सला येईनात, त्यांचा कोड पुन्हा बेरंग! मला हे अजून खटकतं. तरी निवड बरोबरच होती, असं मी म्हणेन.

टॅगसुद्धा बदलला. आधी होता 'सोर्स', पण एचटीएमएल ५ मध्ये ते नाव ऑडिओ-व्हिडिओकडे गेलं. म्हणून आता 'सिंटॅक्सहायलाइट'.

एखादं कोडवालं पान उघडा, एक अवतरणचिन्ह खोडा आणि प्रिव्ह्यू बघा. सेव्ह मात्र करू नका हं!