जपानची पितळी आगगाडी

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हां साहेब, सिंध आणि सुलतान अशीं तीन एंजिनें तिला जोडलेलीं होतीं, ही गोष्ट मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची आहे. त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत पुत्यातिन नांवाचा रशियन नौसेनापति चार जहाजें घेऊन जपानच्या नागासाकी बंदरांत येऊन थांबला. दोनशें वर्षांहून अधिक काळ जपाननें परक्यांना आपलीं दारें जवळजवळ बंद ठेविलीं होतीं. नागासाकीच्या पहाऱ्याची जबाबदारी सागा या संस्थानाकडे पाळीपाळीनें येत असे, म्हणून त्या संस्थानच्या कांहीं मंडळींना जहाजावर जाण्याचा योग आला. तेथें त्यांनीं काय पाहिलें? टेबलावर मांडलेले गोल रूळ, आणि त्यांवरून स्पिरिटाच्या ज्योतीवर तापून स्वतःच्या वाफेनें फिरणारें एक चिमुकलें एंजिन!

पुढच्या वर्षीं मार्च महिन्यांत अमेरिकेचा सेनानी पेरी यानें योकोहामा येथें असाच, परंतु मोठा देखावा केला. फिलाडेल्फियाच्या नॉरिस कारखान्यांत बनविलेलें, खऱ्याच्या चौथाई आकाराचें एंजिन त्यानें नजराणा म्हणून आणिलें होतें. मागचा डबा इतका लहान कीं, आंत लहान मूलहि जेमतेम मावावें. तेव्हां एक जपानी अधिकारी सरळ डब्याच्या छपरावरच चढून बसला आणि ताशीं वीस मैलांच्या वेगानें, अंगावरचा झगा वाऱ्यावर फडफडत असतां, गोल गोल फिरला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस कानागावाचा तह झाला आणि जपानचीं दोन बंदरें अमेरिकन जहाजांना उघडीं झालीं. खेळणें आणि तोफ हीं एकाच जहाजांतून आलीं होतीं, हें जपानी मुत्सद्द्यांच्या ध्यानांत आलें नसेल असें मानण्याचें कारण नाहीं.

सागाचा राजा नाबेशिमा नाओमासा यानें १८५२ सालींच एक प्रयोगशाळा काढली होती. तिचा प्रमुख सानो त्सुनेतामी. हाच पुढें जपानच्या रेडक्रॉसचा संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आला. सानोनें तेथें ज्या कारागिरांना आणिलें त्यांत तानाका हिसाशिगे हा होता. कासवाच्या पाठीचे दागिने घडविणाऱ्या कुरुमे गांवच्या एका कारागिराचा हा मुलगा. तरुणपणीं यानें चावीवर चालणाऱ्या बाहुल्यांचे खेळ करून नांव कमावलें, आणि १८५१ सालीं जपानी कालगणना, पाश्चात्य तास व चंद्राच्या कला एकत्र दाखविणारें एक अजब घड्याळ पुरें केलें. त्या घड्याळाच्या पितळी कमानींवर सरावलेला हात आतां आगगाडीकडे वळला. जहाजावर पाहिलेलें दृश्य आणि डच पुस्तकांतील माहिती, एवढ्याच भांडवलावर तानाका व त्याचे सोबती यांनीं १८५५ सालीं सुमारें चाळीस सेंटिमीटर लांबीचें, मद्यार्कावर चालणारें एंजिन प्रयोगशाळेच्या अंगणांत चालवून दाखविलें. तें एंजिन सागा येथें आजहि जतन करून ठेविलेलें आहे.

मुंबईंत खरी गाडी आधीं आली. जपानांत खेळण्यांतली आधीं आली आणि खरी गाडी १८७२ च्या ऑक्टोबरांत, शिंबाशी ते योकोहामा, अशी सावकाश मागून आली. तीहि इंग्लंडमधून आणलेल्या एंजिनांनींच ओढली. परंतु त्यानंतर एकवीस वर्षांनीं, म्हणजे १८९३ सालीं, कोबे येथील कारखान्यांत पहिलें एंजिन जपानच्या भूमीवर तयार झालें. हिंदुस्थानांत अजमेर येथें पहिलें एंजिन बनलें तें १८९५ सालीं, ठाण्याच्या गाडीनंतर बेचाळीस वर्षांनीं. एकाला जेवढीं वर्षें लागलीं, त्याच्या बरोबर दुप्पट दुसऱ्याला लागलीं! पारतंत्र्य हें याचें मोठें कारण खरें. तथापि ज्यांनीं आधीं तळहाताएवढें यंत्र खोलून पाहिलें, त्यांना मोठ्या यंत्राची भीति कमी वाटली असावी, असेंहि म्हणावेसें वाटतें. कोबेच्या त्या कामावर देखरेख करणारा इंग्रज अभियंता रिचर्ड फ्रान्सिस ट्रेव्हिथिक हा, १८०४ सालीं रुळांवर पहिलें वाफेचें एंजिन चालविणाऱ्या ट्रेव्हिथिकचा सख्खा नातू होता, हा एक मौजेचा योगायोग.

या कथेचा दुसरा अध्याय १९४५ नंतरचा आहे. युद्धांत जपान होरपळून निघाला होता. शहरें जळालेलीं, कारखाने थंडावलेले. परंतु पत्रा कापणारे, कानस चालविणारे आणि डाख देणारे हात शाबूत होते. देशांत ठाणें देऊन बसलेल्या अमेरिकन सैनिकांत आगगाडीच्या प्रतिकृतींचे शोकी बरेच होते. त्यांच्या देशांत अशीं एंजिनें हातानें करवून घेणें फार महाग पडे. येथें लहान लहान कारखान्यांतील कारागीर नकाशावरून हुबेहुब अमेरिकन एंजिन पितळेंत उभें करून देऊं लागले. १९४९ सालीं एका डॉलरास ३६० येन हा दर ठरला आणि हा व्यवसाय भरभराटला. पॅसिफिक फास्ट मेल यांसारख्या अमेरिकन आयातदारांनीं पुढें पंचवीस वर्षें हीं एंजिनें समुद्रापार नेलीं. टोकियोच्या गिन्झा भागांत १८७९ सालीं निघालेल्या तेन्शोदो या जवाहिऱ्याच्या दुकानानेंहि १९४९ मध्यें आगगाड्या विकावयास आरंभ केला. तानाकाचें शेवटचें दुकान, ज्यांतून पुढें तोशिबा कंपनी उगम पावली, तेंहि याच गिन्झांत १८७५ सालीं उघडलें होतें.

परदेशीं जाणारीं एंजिनें पूर्ण बांधलेलीं असत. घरच्या गिऱ्हाइकाला तेवढें मोल परवडत नसे; त्याच्यासाठीं सुटे भाग पेटींत घालून विकण्याची चाल पडली. ही पेटी उघडली असतां नवख्याचा धीर सुटावा असेंच दृश्य दिसतें. तीनचार दशांश मिलिमीटर जाडीचे पितळी पत्रे, त्यांवर रासायनिक क्रियेनें कोरून काढलेल्या आकृति, गुंडाळून तयार केलेली बाष्पकाची नळी, केसांसारख्या तारा आणि ओतीव कामाचे इवले इवले पंप व झडपा. कोरण्याची कृति अशी: पत्र्यावर प्रकाशानें पालटणारें लुकण चढवावयाचें, त्यावर चित्राची छाया पाडावयाची, आणि उघडा राहिलेला भाग फेरिक क्लोराइडच्या द्रावणांत खाऊं द्यावयाचा. जेथें पत्रा दुमडावयाचा तेथें तो अर्ध्या जाडीपर्यंतच खाल्लेला असतो, म्हणून घडी सुतासारखी सरळ येते. ओतीव भाग मेणाचा साचा वितळवून केलेले असतात. ही विद्या मात्र पूर्वेस नवी नव्हे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लासां’त मधूच्छिष्टविधान म्हणून तिचें वर्णन केलेलें आहे.

खरी कसोटी डाख देतांना लागते. पितळ उष्णता झपाट्यानें वाहून नेतें. त्यामुळें एक नळी बसवावी तों शेजारची निखळून पडते. जाणता कारागीर अधिक उष्णतेवर वितळणारा डाख आधीं वापरतो आणि कमी उष्णतेवर वितळणारा मागून. शिवाय झालेल्या सांध्यावर ओलें फडकें ठेवतो. काम झाल्यावर आम्लाचा अंश धुवून काढण्याचा आळस केला, तर रंगाखालून वर्षभरांत हिरवा कळंक फुटून येतो. दोन बाजूंच्या चाकांवरील खुंट्या एकमेकींशीं काटकोनांत बसाव्या लागतात, आणि तो कोन सर्व आंसांवर अगदीं एकसारखा असावा लागतो. एका आंसांत केसभर फरक पडला कीं जोडदांडा अडकला आणि एंजिन लंगडूं लागलें! हें एंजिन अर्थात् वाफेवर चालत नाहीं. त्याच्या पोटांत विजेची मोटर असते आणि रुळांतून येणाऱ्या बारा व्होल्टच्या प्रवाहावर ती फिरते. असें असूनहि वाफेच्या झडपा हलविणारे सर्व दांडे, १८४४ सालीं बेल्जमच्या वॉलशार्टनें शोधलेल्या रचनेप्रमाणें, निरर्थक परंतु बिनचूक हलत असतात.

एवढ्या बिनचूकपणांत एक ढोबळ चूक मात्र जपाननें जाणूनबुजून पत्करली. जपानी लोहमार्गाची रुंदी १,०६७ मिलिमीटर. एक ऐंशीयांश प्रमाणांत ती साडेतेरा मिलिमीटरहि भरत नाहीं. परंतु रूळ आणि चाकें मिळत तीं पाश्चात्य मापाचीं, साडेसोळा मिलिमीटरचीं. तींच वापरण्यांत आलीं. ‘तेत्सुदो मोकेइ शुमि’ या मासिकाचे संपादक यामाझाकी यांनीं ही पद्धति रूढ केली. परिणामीं समोरून पाहिल्यास जपानी एंजिन जरा फेंगडें उभें राहिल्यासारखें दिसतें. पुढें कांहीं कडव्या मंडळींनीं बारा मिलिमीटरचे रूळ व एक सत्त्यायशींयांश प्रमाण घेऊन निराळा पंथ काढला. दोन्ही पंथांतील वाद अद्यापि मिटलेला नाहीं. ज्यांनीं गरिबीच्या दिवसांत मिळेल त्या चाकांवर छंद जिवंत ठेविला, त्यांना दोष देणें मात्र उचित दिसत नाहीं.

१९७१ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेनें डॉलरचा सोन्याशीं असलेला संबंध तोडला आणि त्याच वर्षअखेर डॉलरास ३०८ येन झाले. १९७३ पासून तोहि दर उरला नाहीं. जपानी मजुरी महाग झाली आणि अमेरिकनांचें काम दक्षिण कोरियांतील कारखान्यांकडे गेलें. दुसरीकडे काटो कंपनीनें १९६५ पासून काढलेल्या नऊ मिलिमीटर रुळांच्या स्वस्त गाड्यांनीं नवी पिढी आपल्याकडे ओढली. पितळी पेट्या टोकियोच्या थोड्या दुकानांतून अद्यापि मिळतात.

याच सुमारास खरीं वाफेचीं एंजिनेंहि निवृत्त होत होतीं. ‘देगोइची’ म्हणून लाडक्या झालेल्या डी ५१ जातीचीं १,११५ एंजिनें १९३६ ते १९४५ या काळांत बनलीं होतीं. त्यांपैकीं २४१ क्रमांकाच्या एंजिनानें २४ डिसेंबर १९७५ रोजीं होक्काइदो बेटावरील युबारीच्या खाणींतून कोळशाची गाडी ओइवाकेपर्यंत ओढून आणिली. जपानी राष्ट्रीय रेल्वेची ती वाफेवरची शेवटची मालगाडी. १३ एप्रिल १९७६ रोजीं ओइवाकेच्या एंजिनघराला आग लागली आणि तें एंजिन तींत नष्ट झालें. जपानांतील एंजिनें ज्या त्या विभागाच्या हवेप्रमाणें थोडथोडीं बदललेलीं असत. होक्काइदोच्या बर्फासाठीं केलेली मांडणी क्युशूच्या एंजिनांवर दिसत नाहीं. म्हणून २४१ बांधूं पाहणारा शोकीन पेटींतील पुष्कळसे भाग बाजूला ठेवतो, १९७५ च्या हिवाळ्यांत घेतलेलीं छायाचित्रें भिंगाखालीं धरतो, आणि डाव्या बाजूची नळी कोठें वळत होती हें पाहून तेवढी तार पुन्हां वांकवितो.