पान्हा आणि वासराची जागा

दुभत्या जनावराच्या कासेत दूध असणे आणि ते धार काढणाऱ्याच्या हाती लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पशुपालक समाजांना शरीरक्रियाशास्त्राचा उदय होण्याच्या कित्येक शतके आधीपासून ठाऊक होते. इजिप्तमध्ये देर अल-बहारी येथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी २००० च्या आसपासच्या, कावित या राजस्त्रीच्या शवपेटीवर धार काढण्याचे दृश्य कोरलेले असून त्यात वासरू गायीच्या पुढच्या पायाला बांधलेले आहे. वासराला आधी चार घोट पिऊ द्यायचे, मग ओढून आईच्या तोंडासमोर बांधायचे आणि ती त्याला चाटत असताना धार काढायची, ही महाराष्ट्रातील गोठ्यांतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत त्या दगडात ओळखीची वाटते. वासरू नसेल किंवा ते लवकर पान्हा आणत नसेल, तर वापरायची दुसरी एक रीत हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिथियन लोकांविषयी लिहिताना नोंदवली आहे: एक जण हाडाची नळी घोडीच्या योनिमार्गात घालून फुंकतो आणि त्याच वेळी दुसरा दूध काढतो. हवेने शिरा फुगतात व कास खाली उतरते, असे त्यामागचे कारण त्याने दिले. कारण चुकले असले तरी निरीक्षण खोटे नव्हते, कारण दक्षिण आफ्रिकेतील खोईखोई लोक गायींबाबत हेच करतात, असे पीटर कोल्ब या जर्मन प्रवाशाने १७१९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात चित्रासह दाखवले.

या दोन्ही रीतींमागे एकच शारीरिक क्रिया आहे. कासेतील बहुतेक दूध सडाच्या वरच्या पोकळीत साठत नाही, तर ते जिथे तयार होते त्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये, म्हणजे दुग्धकूपिकांमध्ये, अडकून राहते. पोकळीतला वाटा गायीत साधारण पाचवा हिस्सा असतो, तर म्हशीत तो जेमतेम विसावा हिस्सा भरतो. वासराने सडाला ढुशी दिली की तो संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातो, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागातून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे निरोप पोहोचवणारे द्रव्य, रक्तात उतरते आणि कूपिकांभोवतीच्या आकुंचनक्षम पेशी आवळल्या जाऊन दूध खाली येते. यालाच गोठ्यात पान्हा म्हणतात; गायीत त्याला मिनिटभर पुरते, म्हशीत बहुधा दुप्पट वा त्याहून अधिक वेळ लागतो, म्हणून पान्हा चोरणाऱ्या जनावरांत म्हशींची गणना अधिक होते.

प्रयोगशाळेला हे उमगायला विसाव्या शतकाचा पूर्वार्ध खर्ची पडला. फिलाडेल्फियाच्या ऑट आणि स्कॉट यांनी १९१० मध्ये पीयूषिकेचा अर्क टोचल्यावर शेळीचे दूध वाहू लागते हे दाखवले, आणि १९१५ मध्ये गेन्स या अमेरिकन संशोधकाने दूध तयार होणे व दूध सुटणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत असे मांडले, मात्र या मांडणीकडे बराच काळ कोणी फारसे लक्ष दिले नाही. निर्णायक काम १९४१ मध्ये इली आणि पीटरसन यांनी केले. त्यांनी गायीच्या अर्ध्या कासेचे मज्जातंतू तोडले, तरी पान्हा दोन्ही बाजूंना सारखाच उतरला, म्हणजे अंतिम निरोप तंतूंमधून नव्हे तर रक्तातून येत होता. आणि गायीला दचकवण्यासाठी तिच्या पाठीवर मांजर ठेवून कागदी पिशव्या फोडल्यावर पान्हा अडला, कारण भीतीने सुटणारे ॲड्रेनॅलिन ऑक्सिटोसिनच्या आड येते. धार काढताना गोठ्यात आरडाओरडा करू नये, हा प्रत्येक जुन्या गवळ्याचा दंडक होता. त्याची सिद्धता अशा काहीशा हास्यास्पद साधनांनी व्हावी, याची गंमत वाटते. त्याच वर्षी फर्ग्युसन यांनी सशांवरील प्रयोगांत गर्भाशयाचे मुख ताणले असता पीयूषिकेतून हेच संप्रेरक सुटते असे दाखवले आणि सिथियनांची नळी काय साधत होती हे कळले: जननमार्गाला पडणारा ताण शरीराला प्रसूतीसारखाच भासतो.

भारतात या रीतीला फुका म्हणत, आणि तिची खरी भरभराट खेड्यात नव्हे, तर एकोणिसाव्या शतकात वाढत गेलेल्या कलकत्ता आणि मुंबई या शहरांत झाली. व्यालेली म्हैस दुरून विकत आणायची, भरवस्तीतल्या तबेल्यात बांधायची, आटेपर्यंत दूध काढायचे आणि भाकड झाली की तिला पोसण्याऐवजी कसायाला विकून नवी आणायची, असा तो व्यवहार होता. या हिशेबात रेडकू पहिल्या दिवसापासून तोट्याचे होते, कारण ते जितके दूध पिई त्याचे शहरातले मोल काही आठवड्यांतच खुद्द रेडकाच्या मोलापेक्षा वर जाई. त्याला उपाशी मरू दिले जाई आणि त्याच्या जागी कधी पेंढा भरलेले कातडे, तर कधी फुका येई. फुक्यामागे निव्वळ क्रौर्य शोधणाऱ्यांच्या नजरेतून हा हिशेब बहुधा निसटतो. १८९० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने फुक्याला शिक्षा ठरवली, तरी तबेल्यांचे अर्थकारण जसेच्या तसे राहिले.

फुक्याच्या वर्णनांनी व्यथित झालेल्यांमध्ये गांधी होते. दक्षिण आफ्रिकेत १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले त्यामागे ब्रह्मचर्याचा विचार होताच, पण कलकत्त्याहून आलेल्या साहित्यात वाचलेली गायीम्हशींची ही विटंबनाही होती. पुढे १९१८ च्या आजारपणानंतर अशक्तपणा हटेना, तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचा मार्ग सुचवला आणि प्रतिज्ञा घेताना मनात गायम्हैसच होती या आधारावर, मनाला टोचणी लावून घेत, त्यांनी तो स्वीकारला. शरीरक्रियेच्या दृष्टीने ही निवड अधिक समर्पक होती असे म्हणता येईल, कारण शेळीच्या कासेतील दुधाचा मोठा वाटा पोकळीतच असतो आणि पान्ह्यावाचूनही तो काढता येतो.

मुंबईतले तबेले हलवून दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावजवळ १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली, पण तिथे म्हशी खासगी मालकांच्याच होत्या. दरम्यान न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो यांनी नऊ अमिनो आम्लांचे ऑक्सिटोसिन १९५३ मध्ये प्रयोगशाळेत घडवले, त्यासाठी १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले आणि प्रसूतीतील रक्तस्राव रोखणारे एक अमोल औषध जगाला मिळाले. तबेल्यात मात्र ते वासराच्या जागी आले. सुईने काही क्षणांत पान्हा येतो, पण रोज टोचलेली म्हैस पुढे सुईवाचून पान्हवेनाशी होते, आणि वासरू जगवण्याचे उरलेले कारणही संपते. दूध पिणाऱ्याच्या शरीरावर या संप्रेरकाचा परिणाम होतो ही सर्वत्र पसरलेली भीती फारशी सबळ नाही, कारण प्रथिनाच्या जातीचे हे द्रव्य पोटात पचून जाते. हानी प्रामुख्याने जनावराची होते.

१९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमात फुक्याबरोबर, १९८२ च्या दुरुस्तीनंतर, जनावराला अपाय करणारी दूधवाढीची इंजेक्शनेही आली. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ऑक्सिटोसिनचे उत्पादन एका सरकारी कंपनीपुरते मर्यादित केले, तेव्हा बाळंतिणींना औषध मिळणार नाही या आक्षेपाची दखल घेत दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द ठरवला. जिल्ह्याच्या पातळीवर अडचण याहून साधी आहे: टोचलेले संप्रेरक म्हशीच्या रक्तातून काही मिनिटांतच नाहीसे होत असल्याने, तपासणी करणाऱ्याला जनावरात नव्हे, तर तबेल्याच्या कोनाड्यात पुरावा शोधावा लागतो.