माजघर कोठें गेलें?

नवें घर बांधावयाचें ठरलें म्हणजे प्रथम कागद पुढें येतो आणि त्यावर पहिली खोली पडते ती बहुधा दिवाणखान्याची. आजारी माणूस कोठें निजेल, मुलें अभ्यास कोठें करतील, घरधनीण दुपारीं कोठें टेकेल, हे प्रश्न मागाहून निघतात. वस्तुतः घराचा नकाशा म्हणजे कुटुंबांत कोणास किती मान आहे याचा लेखच होय. पुण्याच्या जुन्या वाड्यांत तो स्पष्ट वाचतां येतो.

१७३० सालीं ज्याचा पाया घातला गेला त्या शनिवारवाड्यांत अनेक चौक होते. सामान्य गृहस्थाच्या घरीं एक किंवा दोन. पण क्रम बहुधा तोच. दिंडीदरवाजा, देवडी, उघडा चौक, भोंवतीं पडव्या व ओटी, आंत माजघर, त्यास लागून देवघर, स्वयंपाकघर, कोठी, आणि सर्वांमागें परसू व विहीर. शेजाऱ्यांच्या भिंती भिडलेल्या असल्यामुळें उजेड यावयाचा तो चौकांतून. जसजसें आंत जावें तसतसा परका माणूस मागें राही. पण त्याबरोबर उजेडही मागें राही. ओटीवर पुरुष व कारकून, माजघरांत बायका. आणि बाळंतिणीच्या वांट्यास पुष्कळदां सर्वांत काळोखी खोली! प्रकाशाची ही वांटणी केवळ गवंड्यानें केलेली नव्हती.

१८९६ सालीं मुंबईंत व पुढच्याच वर्षीं पुण्यांत प्लेगनें जो हाहाकार उडविला, त्यानें हवा-उजेडाचें महत्त्व सर्वांस पटविलें. १८९८ सालीं मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व पुढें दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उठल्या. १९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा आला. पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांच्या घरबांधणीवरील ग्रंथांनीं मध्यमवर्गापुढें नकाशेच मांडले. भिंतींना चोहोंकडून खिडक्या आल्या, चौक गेला, परसांतील संडास घरांत आला. १९६१ च्या पानशेतच्या पुरांत नदीकांठचे कित्येक वाडे कोसळले, तेव्हां त्यांच्या जागीं पुन्हां वाडे बांधण्याचें फारसें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

हा बदल हिताचाच झाला. काळोखाबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. परंतु या घडामोडींत माजघर मात्र कोणाच्या ध्यानांत न येतां नाहींसें झालें. तेथें उजेड कमी असेल, पण सोबत होती. निवडणेंटिपणें, मुलांचे धडे, म्हाताऱ्यांच्या गोष्टी, सुनांची कुजबूज हें सर्व एकाच छपराखालीं एकमेकांच्या कानांवर पडत चाले. नव्या घरांत पाहुण्यासाठीं दिवाणखाना झाला, निजावयास स्वतंत्र खोल्या झाल्या, आणि गृहिणी चार हातांच्या स्वयंपाकघरांत एकटी उरली. पूर्वीं तिला सोबत मिळे, उजेड मिळत नसे; आतां उजेड मिळतो, सोबत मिळत नाहीं.

दोन्ही देणें कांहीं कठीण नाहीं. स्वयंपाकघरास लागून, मध्यें भिंत न घालतां, दोन खिडक्यांची एक ऐसपैस खोली ठेवावी. तेथेंच जेवावें, शिकावें, बसावें. त्यासाठीं दिवाणखाना हातभर लहान झाला तरी चालेल, कारण पाहुणा घटकाभराचा असतो. आणि नकाशावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीं, त्या घरांत जिचा दिवस सर्वांत अधिक जावयाचा, तिला एकवार विचारावें. आजवर वाडा बांधणाऱ्यांनीं व बंगला बांधणाऱ्यांनीं मिळून जी एक चूक केली, ती एवढीच.